सायकल हातात धरून

डिसेंबरात पहाटे सहाच्या सुमारास राजापूरच्या पुलावर उभे राहिले की खालची अर्जुना दिसत नाही, फक्त ऐकू येते. नदीच्या पात्रावर धुक्याचा जाड थर पसरलेला असतो आणि त्या थराखालून, खडकांना वळसा घालून जाणाऱ्या पाण्याचा एकसारखा आवाज वर येत राहतो. गेली चार वर्षे मी प्रत्येक हिवाळ्यात दोन-तीन वेळा तरी याच पुलावरून एक फेरा सुरू करतो. राजापुरातून निघून धोपेश्वरावरून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, चढायचे, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, आडिवरे आणि कशेळी करत समुद्राजवळ पोहोचायचे, तिथून दक्षिणेला नाटे या गावापर्यंत उतरायचे, खाडीवरच्या पुलाने जैतापुरात जायचे आणि हातिवल्याच्या रस्त्याने संध्याकाळी पुन्हा याच नदीवर परत यायचे. नव्वद किलोमीटरच्या आसपासचे हे अंतर आहे आणि सड्यावरच्या एखाद्या पायवाटेने मोह घातला तर ते शंभरावरही जाते.

या फेऱ्यातला मोठा भाग डांबरी आहे, हे आधीच सांगतो. पण माझा जीव अडकतो तो मधल्या कच्च्या तुकड्यांत. जांभ्याच्या खडीचे, मुरमाचे, बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे आणि चिरेखाणीच्या ट्रकांनी पाडलेल्या खड्ड्यांचे हे तुकडे कुठे अर्धा किलोमीटर असतात, तर कुठे पाच. त्यासाठीच मी ग्रॅव्हल सायकल घेतली. दिसायला ती रेसच्या सायकलीसारखी असते, वळवलेल्या हँडलची, पण तिचे टायर रुंद असतात. माझे चाळीस मिलिमीटरचे आहेत आणि सड्यावर चढण्याआधी मी त्यांतली थोडी हवा सोडतो. हवा कमी असली की टायर दगडावर आपटून उसळत नाही, दगडाला धरून बसतो. मग रस्ता कसा आहे हे डोळ्यांच्या आधी तळहातांना कळते, आणि हे कळणे हीच माझ्यासाठी या फेऱ्याची खरी मिळकत आहे.

बाजारपेठेतून मी मुद्दाम सायकल हातात धरून चालत जातो. राजापूर हे चढउतारांचे, अरुंद गल्ल्यांचे गाव आहे आणि अर्जुना व कोदवली या दोन नद्या गावाला लागूनच एकमेकींना भेटतात. पावसाळ्यात त्या दोघी एकाच वेळी भरून आल्या की जवाहर चौकात पाणी शिरते. मी शाळेत असताना पुराची बातमी आली की वडील दुकानदार मित्राच्या मदतीला धावत आणि गुडघाभर पाण्यातून कापडाचे तागे डोक्यावर घेऊन वरच्या माळ्यावर चढवत. पाणी ओसरल्यावर दुकानात राहायचा तो तांबडा, मऊ, बोटांना लोण्यासारखा लागणारा गाळ. फावड्याने ओढून तो बाहेर काढायला दोन दिवस लागत. तो गाळ कुठून येतो, हा प्रश्न त्या वयात कधी पडला नाही. पूर आला म्हणजे गाळ येणारच, एवढेच ठाऊक होते.

एके काळी या नदीतून घाण आणि गाळच नव्हे, तर साता समुद्रांपलीकडचा माल येत असे. इंग्रजांनी १६४९ मध्ये राजापुरात वखार घातली, ती इथे बंदर होते आणि बंदराच्या पाठीशी अणस्कुरा घाटाची वाट होती म्हणून. गलबते खाडीतून वर यायची, माल धक्क्यावर उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून कोल्हापूरकडे जायचा. सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन त्याच्या मदतीला गेला आणि इंग्रजांनी आपले निशाण फडकावत गडावर मारा केला. त्याचा जाब शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी विचारला. १६६१ मध्ये राजापूर मारले गेले, वखार लुटली गेली आणि कैद झालेले इंग्रज सुटले ते १६६३ मध्ये. पुढे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हाही राजापूरच्या नुकसानभरपाईचे बोलणे इंग्रजांनी सोडलेले नव्हते. हा सगळा प्रसंग आम्ही लहानपणापासून पराक्रमाची गोष्ट म्हणून ऐकला आणि तो पराक्रम होताच. पण सायकलवर बसायला लागल्यापासून मला त्यातली वाट अधिक दिसू लागली आहे. तोफगोळ्यांसारखे जड सामान या नदीकाठाहून पन्हाळ्यापर्यंत नेणे ज्या वाटेने शक्य झाले, ती वाट शतकानुशतके बैलांच्या खुरांनी मळलेली होती, आणि ती मळली होती ती या पाण्यामुळे. समुद्राने आणलेला माल आणि घाटाने वर नेलेला माल, या दोहोंची गाठ राजापुरात पडत होती.

मग ही गाठ सुटली कशी? १८८० मध्ये छापलेल्या रत्नागिरीच्या सरकारी गॅझेटियरात राजापूरचे वर्णन आहे. कोकणातल्या गावांत हे सर्वांत जुने दिसणारे आणि सर्वांत चांगले टिकून राहिलेले गाव असल्याचे त्यात म्हटले आहे. अरबांची गलबते अजूनही थेट या बंदराशी व्यापार करतात, असेही त्यात लिहिलेले आहे, मात्र त्याच ओघात एक कडवट नोंद येते. जरा मोठे जहाज असेल तर ते जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबते. तीन मैल म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. तेवढे पात्र गाळाने भरून आले होते. वखार पुन्हा उभारता येते, लुटलेली पेठ पुन्हा सजते, पण पाणी उथळ झाले की बंदराला इलाज उरत नाही. मी ती नोंद वाचली त्या दिवशी मला दुकानातला तो तांबडा गाळ आठवला.

धोपेश्वरात मी जास्त वेळ घालवत नाही, कारण इथे घालवायला हवा तो वेळ पावसाळ्यात. मृडानी नदी उंच कड्यावरून कुंडात कोसळते आणि काठावर धूतपापेश्वराचे मंदिर उभे आहे. डिसेंबरात धार बारीक झालेली असते. मंदिराच्या पायरीवर दोन मिनिटे बसायचे, बाटली भरून घ्यायची आणि चढाला लागायचे. हा चढ दम काढतो. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, त्यांच्या पलीकडे काजू आणि आंब्याची कलमे, अधूनमधून एखादे बेडे, म्हणजे कुंपणाचे फाटक, त्यातून डोकावणारे एखादे वासरू. डिसेंबरात कलमांना कुठे कुठे मोहोर यायला सुरुवात झालेली असते आणि चढताना तोंडाने ओढलेल्या श्वासात त्याचा तुरट-गोड वास येतो.

आणि मग एका वळणानंतर झाडी एकाएकी संपते आणि सडा सुरू होतो.

कोकण म्हणजे माड, पोफळी आणि लाटा असे ज्यांना वाटते त्यांनी सडा पाहिलेला नसतो. आभाळाखाली मैलोन् मैल पसरलेला सपाट कातळ, त्याच्या भेगांतून उगवलेले आणि आता सोन्यासारखे पिवळे पडलेले गवत, मधेच एखादे वाऱ्याने वाकलेले झाड आणि दूर, क्षितिजाला टेकलेली समुद्राची निळी रेघ. पावसाळ्यात याच कातळावर सीतेची आसवे आणि गेंदाची फुले इतकी दाट येतात की पाय ठेवायला जागा शोधावी लागते. हिवाळ्यात मात्र कातळ काळा, कोरडा आणि खडबडीत असतो. वरून तो काळा दिसतो, पण कुठे टवका उडाला की आतून तांबडालाल निघतो. हा जांभा. मुळात हा सह्याद्रीचाच काळा बेसाल्ट. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियम राहिले. लोहाला गंज चढला, म्हणून रंग तांबडा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने केरळात अंगाडीपुरमला हा दगड पाहिला. खाणीत असताना तो हत्याराने सहज कापला जात होता आणि हवेवर सुकला की विटेसारखा कठीण होत होता. म्हणून १८०७ मध्ये त्याने लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. आमच्याकडे त्याच गुणामुळे त्याचा चिरा होतो. आमचे घर, घराभोवतीचा गडगा, गावची शाळा, विहिरीचे बांधकाम, नाट्याचा यशवंतगड, सारे या एका दगडाचे. ज्या वाटेवर माझे चाक फिरते ती खडीही त्याचीच.

या खडीवर सायकल चालवण्याची एक रीत आहे आणि ती पडल्याशिवाय येत नाही. जांभ्याचे सुटे दाणे गोल असतात, गोट्यांसारखे. त्यांच्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला सरकते आणि माणूस खाली. म्हणून उतारावर वजन मागे न्यायचे, हात सैल ठेवायचे, ब्रेक थोडा थोडा दाबत जायचे आणि नजर चाकासमोर न ठेवता दहा-पंधरा हात पुढे ठेवायची. मुरूम असेल तर काळजी नाही, मुरूम चाकाला धरून ठेवतो. सर्वांत वाईट ती चिरेखाणीजवळची भुकटी. घोट्यापर्यंत येणारी, पिठासारखी बारीक, तिच्यात चाक रुतते आणि सायकल जागीच उभी राहते. शेजारीच खाणीचा चौकोनी खड्डा असतो. त्याच्या भिंती करवतीने कापल्यासारख्या सरळ आणि वरपासून खालपर्यंत तांबड्या असतात. त्या खड्ड्याच्या काठावर मी प्रत्येक वेळी थांबतो. इथे किती घरांच्या भिंती होत्या असे मनात येते आणि इथे आणखी काय होते, हेही मनात येते. तो दुसरा विचार पूर्वी येत नसे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पहिल्यांदाच या सड्यावर सायकल घेऊन आलो होतो. बारसूच्या कातळावर वाट सोडून मोकळ्या खडकावर सायकल घातली, तेव्हा जो आनंद झाला तो आजही आठवतो. ना वाहन, ना माणूस, कुठेही वळावे अशी ती भुई. मी मोठमोठे वळसे घेत चाललो होतो. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेले एक वयस्कर गृहस्थ आले आणि त्यांनी दुरूनच हात वर केला.

“ओ, थांबा. उतरा खाली.”

मी उतरलो. भारा खाली टाकून ते माझ्या मागे आले, दहा-बारा पावले, आणि कातळाकडे बोट दाखवले.

“ह्याच्यावर गाडी नाय चालवत.”

मला काहीच दिसेना. ते काही बोलले नाहीत. भाऱ्यातून मूठभर गवत उपसून त्यांनी त्याची जुडी केली आणि कातळ झाडायला लागले. माती उडाली, वाळलेली पाने बाजूला झाली आणि खडकात एक रेघ उमटली. दोन बोटे रुंद, बोटाच्या पेराएवढी खोल. रेघ वळली, पुढे गेली, पुन्हा वळली आणि पहिल्या टोकाशी येऊन मिळाली. माशाचा आकार होता. शेपटी होती, पाठीवरचा पर होता. रेघेच्या कडा कुणी हाताने घासून गुळगुळीत कराव्यात तशा गोलावलेल्या होत्या, तळाशी काळे शेवाळ सुकून बसले होते आणि एका वळणात गेल्या पावसाची माती साचून तिच्यात गवताचे एक पाते उगवले होते. आणि त्या माशाच्या पोटावरून, दोन्ही रेघांना आडवी छेदत, साचलेल्या मातीत माझ्या टायरची नक्षी उमटली होती. ताजी, स्वच्छ, प्रत्येक खाच मोजता येईल अशी.

“काय आहे हे?” मी विचारले.

“आमच्यात पांडवांचं म्हणतात. आता शिकलेली माणसं येतात, ती त्याच्याही आधीचं सांगतात.” मग थोडे थांबून त्यांनी कोकणात प्रत्येक अनोळखी माणसाला विचारला जातो तो प्रश्न विचारला. “तुम्ही कुठले? कुणाच्यातले?”

मी राजापूरचा असल्याचे सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. “म्हणजे इथलेच की,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण ‘इथलेच की’ हे दोन शब्द मला फार लागले. परगावच्या माणसाने हे केले असते तर त्याला माहीत नव्हते म्हणून सोडून देता आले असते. मी या दगडाच्या घरात जन्मलो, या सड्यापासून काही कोसांवर शाळा शिकलो आणि माझ्या पायाखाली काय आहे ते मला गवताच्या जुडीने झाडून दाखवावे लागले. भारा पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढवायला मी हात लावला आणि रस्त्यापर्यंत दोघे बरोबर चालत गेलो. त्या दिवसापासून सड्याच्या मोकळ्या कातळावर मी सायकल चालवत नाही. वाट असेल तिथे वाटेवर आणि वाट संपली की सायकल हातात धरून.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हे सडे पायी तुडवून, गावागावांतल्या गुराख्यांशी बोलून कातळशिल्पांच्या जागा शोधल्या आणि नोंदवल्या. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत, एक सिंधुदुर्गात आणि एक गोव्यात. माझ्या फेऱ्यावर त्यांतली चार येतात, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ आणि कशेळी. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस कोरलेला आहे. देवाच्या गोठण्याला भार्गवरामाचे मंदिर आहे आणि वरच्या सड्यावर एक मानवाकृती. तिच्याजवळ होकायंत्र नेले की सुई आपली दिशा सोडते. जांभ्यातल्या लोहाचा हा परिणाम असणार. मोबाइलमधले होकायंत्र तिथे फिरताना मी स्वतः पाहिले आहे. ते चित्र कोरणाऱ्याने ही जागा सहज निवडली असेल की तिच्यात काही वेगळे आहे हे त्याला कळले असेल, याचा विचार मी तिथून निघाल्यावर पुढचे दोन-तीन चढ करत राहतो.

याच बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकरी आणि त्यातही गावच्या बायका भर उन्हात सड्यावर येऊन बसल्या. रोजगाराची गरज मी नाकारत नाही, कारण नोकरीसाठी घर सोडून गेलेल्यांतलाच मीही एक आहे. पण ‘ओसाड माळरान’ असा सड्याचा उल्लेख कागदावर येतो तेव्हा मला ते पटत नाही. ज्या कातळावर गुरे चरतात, ज्याचे गवत गोठ्यात जाते, ज्याच्यावर पडलेले पाणी झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत आणि बागायतीत उतरते आणि ज्याच्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने वाघ, मासे आणि हत्ती कोरून ठेवले, त्याला ओसाड म्हणता येत नाही.

देवीहसोळपासून आडिवऱ्यापर्यंतची वाट म्हणजे एक घाटी उतरायची, पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडायचा आणि पुन्हा तेवढेच चढायचे. आडिवऱ्याला महाकालीचे दर्शन घेतो आणि तिथे बाजूच्या खानावळीत गरम आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ मिळाली तर पुढचे तीस किलोमीटर सोपे जातात.

कशेळीला मात्र मी थांबतो. इथे कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ आहे. सूर्याची मूर्ती घेऊन जाणारे जहाज इथल्या किनाऱ्यासमोर अडून राहिले, तेव्हा नावाड्याने ती मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली आणि पुढे कनका नावाच्या सूर्यभक्त गणिकेला स्वप्नात दृष्टान्त होऊन ती सापडली, अशी कथा इथे सांगतात. तिच्याच नावाने देव कनकादित्य झाला. गणिकेचे नाव देवाच्या आधी लागलेले आहे आणि गावाने ते आजवर जपले आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. देवळापाशी शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट आहे. आठशे वर्षांपूर्वी या गावाचे नाव तांब्यावर कोरले गेले, हे कुणालाही अभिमान वाटावा असेच आहे. पण सड्यावर थोडे चालत गेले की जो हत्ती दिसतो, त्याच्यापुढे तो तांब्याचा पत्रा कालचा वाटू लागतो.

हा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. उभे राहून तो दिसत नाही. जवळ गेले की फक्त रेघा दिसतात आणि कुठली सोंडेची व कुठली पायाची ते कळत नाही. मी दर वेळी त्याच्या कडेने सावकाश, एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी तसा चालत जातो आणि अर्धा वळसा झाला की डोक्यात हळूहळू त्याची पाठ आकाराला येते. त्याच्या पोटात आणि भोवती इतर प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. हे कोरणाऱ्यालाही संपूर्ण हत्ती कधी दिसला नसणार, कारण एवढ्या सपाट सड्यावर तो वरून पाहायला टेकडीच नाही. त्याने तो मनात धरून, पावलांनी मोजत कोरला. अभ्यासकांच्या अंदाजानुसार ही शिल्पे हजारो वर्षांपूर्वीची आहेत आणि धातूचे हत्यार येण्याच्या आधीची असावीत. म्हणजे दगडाने दगड टोकरत. माझ्या सायकलच्या मीटरवर मी दहा-वीस मीटरचा हिशेब कधी ठेवत नाही, पण त्या १८ मीटरांना किती दिवस लागले असतील, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

कशेळीपासून नाट्यापर्यंतचा रस्ता डांबरी आणि रहदारीचा आहे, तो मी लवकर कापतो. दुपारचे ऊन समुद्रावरून परतून तोंडावर येते. नाट्याला यशवंतगडाची तटबंदी खाडीवर रोखून उभी आहे. गडात झाडोरा माजलेला असतो, पण बुरुजावर जाऊन उभे राहिले की हा गड इथेच का बांधला ते बोलावे लागत नाही. समोर खाडीचे मुख, डावीकडे पाणी आत वळते आणि दिसेनासे होते. तेच पाणी वर राजापुरापर्यंत जाते. राजापूरला जाणारे प्रत्येक गलबत या तटाच्या नजरेखालून गेले असणार, इंग्रजांचीही.

गडाखालच्या साखरी नाट्याच्या बंदरावर जाळी सुकत घातलेली असतात आणि ट्रॉलरांच्या इंजिनांची दुरुस्ती चाललेली असते. मागच्या हिवाळ्यात तिथे चहा घेताना एका वृद्ध मच्छीमार चाचांशी बोलणे झाले. माझ्या सायकलचे टायर दाबून पाहत त्यांनी कुठून आलो ते विचारले. मी राजापुराहून सड्याने आलो म्हणताच ते म्हणाले, “आमच्या लहानपणी राजापूरला जायचं म्हणजे होडीनं. भरती धरून वर जायचं आणि ओहोटीला परत. आता भरतीलाही बोट टेकते.”

मग ते मुसाकाजीच्या बोटीबद्दल बोलू लागले. मुंबईहून किनाऱ्याने गोव्याकडे जाणारी आगबोट मुसाकाजीला थांबायची. ती धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसे पडावांतून किनाऱ्यावर यायची. भोंगा ऐकू आला की गावातली पोरे पळत सुटायची, कुणाचा बाप येणार, कुणाचा भाऊ. “एकदा माझी आई पडावात बसली आणि डोक्यावरची ट्रंक पाण्यात गेली. सगळं सामान गेलं. माझ्यासाठी आणलेली चप्पलसुद्धा.” चाचांनी हे अगदी काल घडल्यासारखे सांगितले आणि गप्प झाले. काही वेळाने त्यांनी हाताने खाडीच्या वरच्या अंगाकडे खूण केली. “सगळी माती वरनं येते बघा. पावसात पाणी कसं होतं, चहासारखं.”

मी इतकी वर्षे पुस्तकांत आणि गॅझेटियरात जे वाचत होतो ते त्यांनी खाडीकाठी बसून एका वाक्यात सांगितले होते. आमच्या नद्या आखूड आहेत. सह्याद्रीच्या कड्यावर उगम पावतात आणि साठ-सत्तर किलोमीटरांत समुद्राला मिळतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांतच. उतारावरची झाडी तुटली, सड्यावर वणवे लागले, डोंगर खणले गेले, की एवढ्या पावसापुढे माती टिकून राहायला काहीच कारण उरत नाही. ती पऱ्यांतून नदीत आणि नदीतून खाडीत जाते. राजापूरचे बंदर तिने बुजवले, आमच्या बाजारपेठेतल्या दुकानांत तीच शिरत राहिली आणि आता खाडीच्या मुखाशी राहणाऱ्या चाचांच्या होडीच्या तळालाही तीच लागते आहे.

खाडीच्या पुलावरून जैतापूरच्या बाजूला जाताना ओहोटी होती. दोन्ही काठांना कांदळवनाची मुळे उघडी पडली होती आणि चिखलावर बगळे अंतर राखून उभे होते. जैतापूर आता सगळ्या देशाला माडबनच्या नियोजित अणुऊर्जा प्रकल्पामुळे माहीत आहे. राजापूरच्या व्यापाराच्या काळात जहाजे आधी याच्या आसपास नांगर टाकत. पेठेतली काही जुनी घरे अजून त्या दिवसांतल्या सुबत्तेची वाटतात, कोरीव खांब, रुंद ओट्या. मी तिथे थांबलो नाही, सूर्य कलला होता.

हातिवल्याकडचा परतीचा रस्ता सगळ्यांत कंटाळवाणा आणि पायांना सर्वांत जड जाणारा भाग. चढ संपतच नाहीत. शेवटी महामार्ग लागतो आणि मग राजापूरपर्यंत उतारच आहे. अंधार पडताना मी पुन्हा अर्जुनेवर आलो. पहाटेचे धुके केव्हाच विरले होते आणि आता पाण्यावर दिव्यांचे प्रतिबिंब पडले होते. नदीचे पात्र पुलावरून किती रुंद दिसते आणि त्यातले वाहते पाणी किती थोडे असते. गेल्या काही वर्षांत इथला गाळ यंत्रांनी उपसला गेला, तेव्हा काठावर लागलेले त्याचे ढिगारे मी पाहिले आहेत. तांबडे, भिजलेले असताना रक्तासारखे गडद आणि सुकल्यावर विटकरी.

घरी आलो, तेव्हा आईने अंगणातला दिवा लावला होता. सायकल गडग्याला टेकवून मी बादलीभर पाणी आणले. दिवसभराची धूळ साखळीत, स्पोकांच्या मुळाशी, ब्रेकच्या फटींत घट्ट बसली होती. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती सोडवत गेलो, तसे पाणी आधी गुलाबी, मग गडद तांबडे होत गेले. टायरच्या खाचांतून शेवटचे दाणे सुटले आणि अंगणातल्या उतारावरून ते पाणी गडग्याच्या फटीतून बाहेर पडले, शेजारच्या वाटेवर आले आणि वाटेच्या कडेच्या गटारातून खालच्या पऱ्याकडे जाऊ लागले. आई ओट्यावरून म्हणाली, “अरे, माडाच्या आळ्यात ओत की ते.” उरलेली अर्धी बादली उचलून मी माडाकडे नेली.